तोंड मिटून

गिरणीवाल्या बाईंच्या विहिरीतला गाळ निम्माअधिक वर आला होता, तेव्हा ते झालं.

उन्हं तापली होती. पाणी तळाला गेलं की विहिरींचे मालक जागे होतात. वर्षभर ज्यांना गाळ दिसत नाही, त्यांच्या बादलीला चिखल लागला की त्यांना विहिरींचा गाळ काढणारं हे घर आठवतं. घरात माणसं चार आणि मांडीवरची एक पोरगी. मुलगा विहिरीत उतरायचा. जाड्या म्हणून एक गडी होता, तो रहाट फिरवायचा. सून वर आलेलं घमेलं उचलून लांब नेऊन ओतायची. सासू घर आणि नात सांभाळायची. आणि मुलाचे वडील, आबा, काठावर उभे राहून खुणेचा दोर धरायचे.

विहिरीत आवाज घुमतो, शब्द कळत नाही. म्हणून दोरीने बोलायचं. एक टोक खाली उतरलेल्याच्या मनगटाला, दुसरं वरच्याच्या मुठीत. एक हिसका, थांब. दोन हिसके, ओढ. आबांचं सगळं आयुष्य दोरीच्या खालच्या टोकाला गेलं होतं. घशाचं दुखणं निघालं तेव्हा ते वरच्या टोकाला आले.

त्या दिवशी आबा वाकून खाली बघत होते. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. आबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली, लोंबली, उन्हात क्षणभर दिसली आणि तुटून खाली गेली.

"अहो," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "पिण्याची विहीर आहे ही."

रहाटाचा दांडा धरून जाड्या म्हणाला, "बाई, अजून निम्मा चिखल खाली आहे. आज कोण पितंय?"

"तू तुझं चाक फिरव."

आबांनी टॉवेलने तोंड पुसलं. दोर सुनेच्या हातात दिला आणि झाडाखाली जाऊन पाठमोरे बसले. सुनेने घमेलं खाली ठेवलं, दोर मुठीत घेतला. दोरीचा आबांच्या हातातला भाग ओलसर होता. खालून दोन हिसके आले.

"ओढ," सून जाड्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून दोर तिच्याकडेच राहिला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. आबा सकाळी दोऱ्या तपासून टेम्पोत ठेवायचे आणि घरी थांबायचे.

आबांच्या घशातली गाठ गेल्या वर्षी किरणांचा शेक देऊन जाळली होती. गाठ गेली, तिच्यामागे घशाचं वंगणही गेलं. लाळ गोंदासारखी व्हायची. एक घोट उतरवायला हनुवटी छातीला लावून दोनतीनदा गिळावं लागे, तेव्हा कुठे तो खाली जायचा. नाही गिळली तर साचायची, साचली की श्वासाच्या वाटेला लागायची आणि मग डोळे लाल होईपर्यंत खोकला. जेवण सगळं पातळ, गाळलेलं. आवाज कुजबुजण्याइतका उरला होता. सासूला कमी ऐकू यायचं, त्यामुळे नवराबायकोंचं बोलणं सुनेमार्फत चालायचं.

"काय म्हणतायत?"

"दूध गार झालं म्हणतायत."

"मग प्यायचं होतं गरम असताना. आता शेगडी परत पेटवू का?"

आबा हाताने 'राहू दे' करायचे.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी मान चाचपली आणि एका जागी बोट थांबवलं. "इथे कडक लागतंय. शेकाने मांस असं कडक होतं, ते असू शकतं. दुखणं परत आलं असेल तर तेही असंच लागतं. बोटाला फरक कळत नाही. एमआरआय काढा, मग बोलू."

एमआरआयचं यंत्र म्हणजे आडवं भोक. सरकत्या फळीवर उताणं निजायचं, मानेवर जाळीसारखा पिंजरा बसवायचा, कानाला मोठी टोपणं लावायची, हातात रबरी फुगा द्यायचा आणि फळी आत सरकवायची. आत गेल्यावर हलायचं नाही. मशीनवाला तरुण होता, सकाळपासून उभा होता. म्हणाला, "आजोबा, काही झालं तर फुगा दाबा." गालाशी एक कापड ठेवून म्हणाला, "लाळ आली तर वाहू द्या यात. गिळू नका, गिळलं की फोटो हलतो."

आबा आत गेले. थोड्याच वेळात फुगा वाजला. मशीनवाल्याने फळी बाहेर ओढली. आबांनी डोळे उघडून त्याच्याकडे रागाने बघितलं. पुन्हा आत घातलं, पुन्हा फुगा, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी आबा खोकत खोकत उठून बसायला गेले आणि कपाळ पिंजऱ्यावर आपटलं. मशीनवाल्याने दार उघडून मुलाला आत बोलावलं.

"घाबरतात हो ते. आत जायला घाबरतात. होतं असं पुष्कळांचं. आज नाही होणार."

मुलगा हसला. हसू नये अशा जागी हसू आल्यासारखा. "भोकाला घाबरतात? हे?"

आबा कपाळ चोळत फळीच्या काठावर बसले होते.

डॉक्टरांकडे परत गेल्यावर सुनेने विचारलं, झोपेचं इंजेक्शन देऊन काढता येईल का. पोरगी तिच्या खांद्यावर होती, तिचा एक हात डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनाकडे जात होता.

"या घशाला नुसतं झोपेचं औषध देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "झोपेत लाळ सरळ फुफ्फुसात उतरेल. आणि तोंडातून नळी घालायला आत जागा नाही, सगळं आक्रसलंय. आधी मानेला पुढून भोक पाडून श्वासाची नळी बसवावी लागेल. मग भूल, मग फोटो."

"आणि ते भोक नंतर?"

"एरवी बुजतं. शेकलेल्या मानेत मी शब्द देणार नाही. पुढच्या आठवड्यात जागेपणी एकदा करून बघा. नाही जमलं तर मग ते."

आबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. गळा झाकला.

*

बाईंच्या विहिरीला खाली एक मोठा दगड लागला होता, तो फोडून तुकड्या-तुकड्याने वर काढायचा होता. मुलगा पहाटे उतरायचा, ऊन डोक्यावर आलं की वर यायचा, कलल्यावर पुन्हा उतरायचा. वर आला की आधी बादलीभर पाणी डोक्यावर ओतायचा. त्याचे डोळे आणि दात सोडून सगळा तो एका रंगाचा असायचा. दोरीने सुनेच्या तर्जनीच्या पेरावर घट्टा पडायला लागला होता. पोरीला पाजायला ती मध्ये घरी जायची, तेव्हा दोर जाड्याच्या हातात आणि रहाट थांबलेला.

"तुझी पोरगी आमची दुपारची सुट्टी," जाड्या म्हणायचा. "तिला म्हणावं, सावकाश पी."

संध्याकाळी घरी सराव चालायचा. सराव ही सासूची कल्पना. "करून बघितल्याशिवाय काय येतं माणसाला? पहिल्या दिवशी मला चूल तरी पेटवता येत होती का?" ओसरीत लाकडी बाकडं होतं. त्याच्याखाली गोधडी घालून आबांना उताणं निजवायचं. मानेवर पिंजऱ्याच्या जागी भाजीची टोपली पालथी, गालाशी घडीचं कापड. मशीनचा आवाज म्हणून सासू बाकड्यावर घमेलं ठेवून त्यावर लाटण्याने बडवायची. ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती मनापासून बडवायची. पहिल्या दिवशी शेजारचा सुतार कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"आबांचा फोटो काढतोय," मुलगा म्हणाला.

सुताराने बाकड्याखालून बाहेर आलेले पाय बघितले. "बरं," म्हणाला आणि गेला.

दर वेळी तेच व्हायचं. आबा स्थिर पडायचे, दगडासारखे. मग गळ्याची घाटी वर-खाली व्हायला लागायची. मग पोट उचलायचं, मग खोकला, टोपली उडून बाजूला आणि आबा बाकड्याला धरून बसलेले, डोळ्यांतून पाणी.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी सून पोरीला घेऊन जमिनीवर आडवी झाली होती, बाकड्याच्या शेजारीच. दमली होती. पोरगी कुशीवर झोपली होती, गाल गोधडीवर दाबलेला, ओठ उघडे, लाळेचा डाग बशीएवढा झालेला. वर घमेलं वाजत होतं, पोरीची पापणी हलत नव्हती. सुनेने तिच्या पलीकडे आबांकडे बघितलं. इतक्या जवळून, इतक्या खालून तिने त्यांचं तोंड आधी बघितलं नव्हतं. ओठ मिटलेले होते. नुसते मिटलेले नाही, आत ओढून दाबलेले. गालाखालचं कापड घडीचं होतं तसं.

आबा खोकून झाल्यावर तिने कापड उचललं.

"आबा, हे कोरडं कसं?"

आबा टॉवेलने डोळे पुसत राहिले.

"मशीनवाल्याने सांगितलं होतं ना, वाहू द्या म्हणून. तुम्ही तर सगळं आतच धरून ठेवताय."

"काय म्हणतायत?" सासूने लाटणं थांबवत विचारलं.

"काहीच नाही म्हणत."

आबा बाकड्याला पाठ टेकून बसले. श्वास जागेवर आला. मग कुजबुजले, "आत असताना तोंड उघडत नाही."

"का?"

"उघडत नाही. सवय." मग म्हणाले, "मी ठरवून नाही करत."

सुनेने सासूला मोठ्याने सांगितलं. सासू लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "मी या घरात आले तेव्हापासून बघते. आत थुंकायचं नाही, लोकांच्या पिण्याचं पाणी. नाकातोंडात चिखल जाऊ दे, काही होऊ दे. बादलीत बसून वर यायचे, आले की माझ्याशी बोलायचे नाहीत, कोणाशी बोलायचे नाहीत. चार शेतं लांब जायचे आणि मग थुंकायचे. एक गडी आत थुंकला होता, त्याला त्याच पावली घालवला. चांगला होता हो तो गडी, रहाट एकट्याने ओढायचा."

मुलगा पायऱ्यांवर बसून नखांतला चिखल काडीने काढत होता. म्हणाला, "आबा, ती विहीर नाहीये. मशीन आहे."

"मला माहीत आहे," आबा म्हणाले.

"मग?"

आबांनी ओठाला बोट लावलं. "याला सांग."

मग मुलाने विचारलं, "आणि फुगा कशाला दाबत होता सारखा? त्यालाच वाटलं तुम्ही घाबरलात."

आबांच्या कपाळावर आठी आली. यावर ते रागावलेले होते, त्या दिवसापासून. "मी एकदाच दाबला," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी एकदाच. थांब म्हटलं मी. जरा थांब, गिळू दे. तो गाढव ओढत होता."

मुलाच्या हातातली काडी खाली पडली. तो हसायला लागला, मग सून, आणि सासूला कोणी सांगेना तेव्हा तिने लाटण्याने मुलाच्या पाठीत ढोसलं. मुलगा तिच्या कानाशी जाऊन ओरडला, "यांनी एक हिसका दिला, त्याने वर ओढलं!"

"मग शिकवलं नसेल त्याला कोणी," सासू गंभीरपणे म्हणाली.

आबाही हसले, मग हसण्याने ठसका लागला.

*

सराव बदलला. आता आडवं होऊन हलायचं नाही हे नव्हतं, ते आबांना येत होतं. आता तोंड सोडायचं होतं. गळ्यात लाळ उतरू न देता गालाकडे येऊ द्यायची, ओठाचा एक कोपरा सैल ठेवायचा. टोपलीत मान जेवढी वळेल तेवढी डावीकडे वळवायची. सांगायला एवढंच होतं. आबा पडायचे, सून शेजारी बसायची, ओठ आत ओढले गेले की त्यांच्या गालाला बोट लावायची. ओठ सुटायचे. घमेलं वाजायला लागलं की पुन्हा मिटायचे.

एकदा जमलं. सासू बडवत होती, आबांचा ओठ सुटला आणि लाळ बाहेर आली, हनुवटीच्या कडेने, चिकट, पांढरट, कानाच्या पाळीपर्यंत. सासूने ते वरून बघितलं आणि मान फिरवली. घमेल्यावरचा हात थांबला.

आबांनी डोळे उघडले. त्यांना तिची फिरवलेली मान दिसली. ते टोपली काढून उठले, तोंड पुसलं आणि मागच्या दाराने बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकड्याखाली गेले नाहीत. दोऱ्या ओसरीत पसरून एकेक पीळ तपासत बसले. तपासलेल्याच पुन्हा तपासत.

"आबा, दिवस परवावर आला," सून म्हणाली.

त्यांनी दोरीवरून नजर काढली नाही. "पाडू दे भोक."

सून स्वयंपाकघरात गेली. सासू भांडी घासत होती. सून तिच्या पुढ्यात उकिडवी बसली, म्हणजे तोंड दिसेल आणि ओरडावं लागणार नाही.

"आई, तुम्ही काल तोंड फिरवलंत."

सासू घासत राहिली.

"त्यांना वाटलंय, तुम्हाला किळस आली."

"किळस?" सासूने भांडं खाली आदळलं. "त्यांचे चिखलाचे कपडे धुतले मी जन्मभर. मला किळस?" मग हात राखेत तसेच ठेवून ती बसली. "लग्नात सुद्धा शिंकताना तोंडावर रुमाल धरला होता त्यांनी. असा माणूस. मला बघवेना, एवढंच."

"मग ते त्यांना सांगा."

"मी सांगेन आणि ते काहीतरी कुजबुजतील. मला ऐकू कुठे येतं?"

"तुम्ही फक्त सांगा."

सासूने भांडी पालथी घालून हात धुतले, पदराला पुसले. ओसरीत गेली. आबांच्या हातातली दोरी काढून घेतली, गोधडी बाकड्याखाली पसरली आणि स्वतःच त्यावर उताणी निजली. जाडजूड बाई, एक खांदा बाकड्याच्या पायात अडकला.

"टोपली द्या," आतून म्हणाली.

आबा बघत राहिले.

"द्या हो. बघू तरी काय असतं."

सुनेने टोपली दिली. पोरगी रांगत गेली आणि आजीच्या पायाच्या अंगठ्याला धरून उभं राहायला लागली. सासू बराच वेळ पडून राहिली. मग तोंड उघडून, मुद्दाम, प्रयत्न करून, तिने गालावरून थुंकी सोडली. नीट जमलं नाही, अर्धी नाकाकडे गेली.

"शी," ती म्हणाली. "कानात गेलं माझ्या."

आबा तिच्या शेजारी खाली बसले. आपल्या टॉवेलने त्यांनी तिचा गाल पुसला, मग कान. पुसताना ते काहीतरी म्हणाले. सासूने सुनेकडे बघितलं. सून पोरीचं दुपटं घडी करत होती. तिने ऐकलं होतं, पण ते तिने पोचवलं नाही.

त्या संध्याकाळी आबा पुन्हा बाकड्याखाली गेले. सासूने घमेलं बडवलं आणि मान फिरवली नाही.

*

बाईंचा दगड फोटोच्या आदल्या दिवशी निघाला. पाणी झिरपायला लागलं तसा मुलगा वर आला आणि बाईंनी वाकून खाली बघून मान हलवली. सकाळी टेम्पो धुऊन तिघं निघाले, पोरगी सुनेच्या मांडीवर. सासू दारात उभी होती. "त्या मुलाला हिसक्यांचं सांगा," तिने ओरडून सांगितलं.

सुनेने सांगितलं. मशीनवाला तोच होता. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही.

"ताई, फुग्यात एक-दोन असं नसतं. फुगा वाजला की मला बाहेर काढावंच लागतं. आत माणसाला काय होतंय ते मला कसं कळणार?"

"मधे थांबता येतं का?"

"थांबतंच ते. एक फोटो झाला की आवाज बंद होतो, मग दुसरा सुरू होतो. आवाज बंद असताना गिळू दे, खाकरू दे, माझं काही जात नाही. फक्त डोकं जागेवरून हलायला नको."

"मग आवाज बंद झाला की तुम्ही त्यांना सांगाल? आत ऐकू येतं ना तुमचं?"

"सांगेन. आणि ते 'हो' म्हणेपर्यंत पुढचा लावणार नाही. मग झालं?" त्याने घड्याळाकडे बघितलं. "पण सगळ्यात मोठा फोटो शेवटी आहे. त्यात मधे थांबणं नाही. त्यात हलले तर सगळं पाण्यात."

नर्स आली. आबांना बसवून तिने प्लास्टिकच्या नळीने तोंडातली, घशातली साचलेली लाळ ओढून घेतली. नळीचा आवाज झाला तसे आबांनी डोळे मिटले. गुडघ्यांखाली उशी दिली, डोक्याखाली पातळशी. कापडाची सुरळी करून डाव्या गालाशी ठेवली. सुनेने बांगड्या, कानातलं, केसांतल्या पिना काढून नवऱ्याच्या हातात दिल्या, त्याच्या दुसऱ्या हातात पोरगी दिली. तो दोन्ही हात भरून दारात उभा राहिला.

"बस तिथे," आबा त्याला म्हणाले, जणू तोच आत जाणार होता.

सुनेला आत स्टूल मिळालं, आबांच्या पायांशी. फळी आत गेली. बाहेर राहिले फक्त गुडघ्यांपासूनचे पाय. तिने त्यांच्या नडगीवर हात ठेवला. टाचा भेगाळलेल्या, भेगांत जुना चिखल, जो आता धुऊनही निघत नव्हता.

आवाज सुरू झाला. सासूच्या लाटण्यासारखा मुळीच नव्हता. कोणीतरी पत्र्याच्या घरावर दगड ओतत असल्यासारखा. आबांच्या पायाचे अंगठे आत वळले. आवाज बंद झाला.

"आजोबा, गिळून घ्या," मशीनवाल्याचा आवाज आला. आतून खाकरणं. पुन्हा खाकरणं. "झालं?"

"हो," आबा म्हणाले. मशीनवाल्याला ते ऐकू गेलं असेल का, असं सुनेला वाटलं, पण आवाज सुरू झाला.

असं होत राहिलं. एकदा मशीनवाला म्हणाला, "हललात. हा परत घेतो." परत घेतला. सुनेच्या हाताखाली नडगीचं मांस ताठ होतं, दोर ओढताना असतं तसं. ते सैल पडत नव्हतं. म्हणजे ओठ मिटलेले होते. प्रत्येक वेळी ते साचवत होते आणि थांबल्यावर गिळत होते, आणि शेवटच्यात थांबणं नव्हतं.

"आता मोठा आहे आजोबा. गिळायचं नाही. वाहू द्या. मी लावू?"

आतून 'हो' आलं नाही.

"आजोबा?"

सून स्टुलावरून उठली. वाकून, भोकाच्या तोंडाशी तोंड नेऊन तिने आत बघितलं. पिंजऱ्यातून आबांची हनुवटी दिसत होती आणि नाकाच्या भोकांचा अंधार.

"आबा. मी बघतेय हां इकडून. मला सगळं दिसतंय तुमचं."

आतून एकदा खाकरणं आलं.

"बघ," आबा म्हणाले. मग, "हो."

ती परत बसली नाही. आवाज सुरू झाला तशी ती वाकूनच राहिली, एक हात त्यांच्या गुडघ्यावर. कंबर दुखायला लागली. आधी काही झालं नाही. आबांची घाटी एकदा वर आली, तिथेच अडली, थरथरली. ओठ दाबलेले होते, पांढरे पडलेले. मग एक कोपरा हलला. उघडला, मिटला. उघडला. लाळ ओठाच्या कडेशी जमली, फुगली, आणि गालावरून खाली उतरायला लागली. एक तार, मग तिच्यामागे दुसरी. घाटी खाली गेली आणि खालीच राहिली. ओठ आता पूर्ण उघडे होते. सुनेच्या हाताखाली गुडघा हळूहळू बाहेरच्या बाजूला कलला, झोपलेल्या माणसाचा कलतो तसा.

आवाज पुष्कळ वेळ चालला. ती नजर न हलवता बघत राहिली.

फळी बाहेर आली तेव्हा आबांचा गाल, कान, मानेखालची उशी, शर्टाची कॉलर, सगळं ओलं होतं. मशीनवाल्याने पिंजरा काढला, हातमोजे चढवले आणि पुसायला कागद घेतला. आबा उठून बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या आजोबा, मी करतो. रोजचं आहे माझं."

आबांनी हात मागे घेतला नाही. मशीनवाल्याने कागद दिला. आबांनी उशी पुसली, फळी पुसली, फळीच्या खाचेत बोट घालून तिथलंही पुसलं. सगळं पुसून झाल्यावरही आणखी एक कागद मागून घेतला. दारात पुढची बाई येऊन थांबली होती. कोणी घाई केली नाही.

"फोटो आलेत," मशीनवाला म्हणाला. "चांगले आलेत. शेवटचा तर एकदम स्वच्छ."

"मग काय आहे त्यात?" सुनेने विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. आठवडा लागेल. मला त्यातलं कळत नाही, ताई. मला हललं की नाही तेवढंच कळतं."

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. पोरीने त्याचा खिसा ओला केला होता आणि एक पीन त्याच्या मुठीतून कुठेतरी पडली होती. त्याने आबांकडे बघितलं, मग बायकोकडे.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली आणि पोरगी घेतली.

परत येताना आबा पुढे बसले नाहीत. मागे टेम्पोत दोऱ्यांची वेटोळी आणि पोती होती, तिथे चढले. दुखणं निघाल्यापासून वर्षभर ते भिंतीला टेकून बसूनच झोपत होते. आता ते पोत्यांवर डाव्या कुशीला आडवे झाले, एक हात उशाला घेतला. टेम्पो गावाबाहेर पडायच्या आत त्यांना झोप लागली.

बाजाराच्या चौकात गर्दी होती. टेम्पो थांबला. सून मागेच बसली होती, पोरगी पदराखाली. उन्हात आबांचं तोंड उघडं होतं, ओठ लोंबलेला, लाळ गालावरून पोत्यावर आणि पोत्याच्या विणीत. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मुलगा पुढून उतरून आला, टॉवेल त्यांच्या तोंडावर टाकायला गेला.

"राहू द्या," सून म्हणाली.

तो टॉवेल हातात घेऊन उभा राहिला. रस्त्याकडेला टोपल्या विणणारी एक बाई बसली होती. ती मान उंच करून टेम्पोत बघत होती.

"म्हातारबाबांना काही होतंय का गं?"

"नाही, मावशी," सून म्हणाली. "झोपलेत."